सातवा बिंदू खोडला, तर ते विज्ञान की फिलॉसॉफी?

खोडरबर

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी केमिस्ट्रीत एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा लॅबमध्ये एकदम साधं काम होतं. एका रंगीत पदार्थाची सात सोल्यूशन्स बनवायची, फिक्यापासून गडदपर्यंत, एकेक स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये ठेवून किती प्रकाश शोषला गेला ते बघायचं, म्हणजे अ‍ॅब्झॉर्बन्स, आणि ग्राफवर बिंदू मांडून त्यातून सरळ रेष काढायची. बीअर-लॅम्बर्टचा नियम, कॉन्सन्ट्रेशन दुप्पट तर अ‍ॅब्झॉर्बन्स दुप्पट. सहा बिंदू शहाण्यासारखे रेषेवर बसले. सातवा, सगळ्यात गडद सोल्यूशनचा, खाली पडला. रेषेच्या हिशेबाने २.४ च्या आसपास यायला पाहिजे होता, आला २.१. मी काय केलं, सरळ डिलीट केला, वहीत बाजूला 'आउटलायर' (फटकून पडलेला बिंदू) लिहिलं आणि मोकळी झाले.

मॅडमनी वही बघितली आणि विचारलं, हा का काढलास? म्हटलं रीडिंग चुकलं असणार. कशावरून? रेषेवर बसत नाही ना. आणि रेष बरोबर आहे हे कशावरून? म्हटलं बाकीचे सहा बसतात की. तर त्या म्हणाल्या, 'म्हणजे बहुमताने?' आणि वही परत देऊन निघून गेल्या. मी तिथेच उभी.

माझा लॅबमेट म्हणतो हे फिलॉसॉफीचे प्रश्न आहेत, फिलॉसॉफीने रीडिंग येत नाही, तू सोडून दे. पण दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. मॅडमचा प्रश्न विज्ञानाचा होता की फिलॉसॉफीचा? आणि विज्ञानाला फिलॉसॉफी लागते का हो खरंच, की हा फक्त निवांत लोकांचा वेळ घालवायचा उद्योग आहे? मी फिलॉसॉफीचं एकही पुस्तक वाचलेलं नाही, त्यामुळे जरा सोप्पं लिहा प्लीज.

रोखठोक

तुमच्या लॅबमेटचं बरोबर आहे. मॅडमचा प्रश्न शंभर टक्के विज्ञानाचा आहे आणि उत्तरही लॅबमध्येच आहे. पुन्हा सोल्यूशन बनवा, पुन्हा रीडिंग घ्या, संपला विषय. त्यात कुठे आली फिलॉसॉफी?

हॉकिंगने २०१० च्या पुस्तकात सुरुवातीलाच लिहून टाकलंय की फिलॉसॉफी मेली, ती विज्ञानाच्या बरोबरीने चालू शकली नाही. लोकांना ते झोंबलं पण खोटं आहे का? खुर्चीत बसून कुणी एक कण तरी शोधलाय का ते दाखवा. विज्ञान पुढे जातं आणि हे लोक मागून येऊन सांगतात की तुम्ही जे केलंत त्याचा अर्थ काय.

(आणि आयडी खोडरबर घेऊन बिंदू खोडल्याची तक्रार करताय, मजा आहे.)

मधली_सुट्टी

@रोखठोक, पुन्हा रीडिंग घ्या हे बरोबरच आहे, पण पुन्हा २.१ च आलं तर? चौथ्यांदा, दहाव्यांदा तेच आलं तर? मग नियम चुकला म्हणायचं, की सोल्यूशन चुकलं, की मशीन, की आणखी काहीतरी जे आपल्या ध्यानातच आलेलं नाही? हे रीडिंग स्वतः सांगत नाही. रीडिंग फक्त एवढंच सांगतं की या सगळ्यात कुठेतरी काहीतरी बिनसलंय. कुठे ते आपण ठरवतो. द्यूएम नावाच्या फ्रेंच फिजिसिस्टने (हो, फिजिसिस्टच) १९०६ मध्ये हेच मांडलं होतं की प्रयोगात एकटी थिअरी कधीच तपासली जात नाही, तिच्यासोबत उपकरणं, गृहीतकं, आकडेमोड अशी सगळी वरात असते आणि निकाल चुकला तर अख्खी वरात संशयित.

याचं माझं आवडतं उदाहरण ल व्हेरिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाचं आहे. युरेनस ग्रह न्यूटनच्या हिशेबाप्रमाणे चालेना. आता खोडरबरची भाषा वापरायची तर बिंदू रेषेवर बसेना. न्यूटन चुकला असं बहुतेकांनी म्हटलं नाही, असं म्हटलं की बाहेरच्या बाजूला एखादा न दिसलेला ग्रह त्याला ओढत असणार. ल व्हेरिएने कागदावर जागा काढून बर्लिनला कळवली आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री गालेने दुर्बिणीतून बघितलं तर एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला! काय वाटलं असेल त्या माणसाला विचार करा.

पुढे काय झालं, बुधही न्यूटनच्या हिशेबाला जुमानत नव्हता. फरक अगदी बारीक, शंभर वर्षांत ४३ सेकंद, म्हणजे कोनाचे सेकंद, घड्याळाचे नव्हेत. ल व्हेरिएने १८५९ मध्ये तीच युक्ती पुन्हा लावली, म्हणाला सूर्याच्या जवळ अजून काहीतरी आहे, त्या न सापडलेल्या ग्रहाला व्हल्कन असं नावही पडलं, काही लोकांना तो दिसल्यासारखाही वाटला. आणि तो नव्हताच. या वेळी बिंदू बरोबर होता, रेषच चुकीची होती. ते कळायला नोव्हेंबर १९१५ उजाडावा लागला, आइनस्टाइनच्या नव्या थिअरीतून ते ४३ सेकंद आपोआप बाहेर पडले.

माणूस तोच, पद्धत तीच, हुशारी तीच, एकदा सोनं आणि एकदा माती. आता मला सांगा, १८५९ साली त्याने कुठल्या मशीनमध्ये बघून ठरवायचं होतं की या वेळी ग्रह शोधू नकोस, न्यूटन बदल? तसं मशीन नसतं. पॉपर नावाचा फिलॉसॉफर म्हणायचा की थिअरी वैज्ञानिक तेव्हाच जेव्हा ती खोटी ठरू शकते, आणि ते छानच आहे, पण खोटी ठरली असं नेमकं कधी म्हणायचं हा प्रश्न उरतोच. २०११ मध्ये ऑपेरा प्रयोगवाल्यांना सर्न या जिनिव्हाजवळच्या प्रयोगशाळेपासून ७३० किलोमीटरवर न्यूट्रिनो नावाचे कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचलेले दिसले, तेव्हा प्रकाशापेक्षा वेगाने काही जात नाही असं सांगणारी आइनस्टाइनची रिलेटिव्हिटी कुणी टाकून दिली का? नाही. कुठेतरी घोळ असणार असंच बहुतेकांना वाटलं, आणि फायबरची एक केबल नीट बसलेली नव्हती असं पुढच्या वर्षी निघालं. खोडरबर, तुम्ही जे केलंत तेच त्यांनी केलं, फरक इतकाच की त्यांनी बिंदू खोडला नाही, जगाला दाखवला आणि केबल सापडेपर्यंत शोधत राहिले.

पारा_चढला

मधली_सुट्टी, प्रतिसाद आवडला. त्यात माझीही भर. मला तर वाटतं इतक्या लांब ग्रहांपर्यंत जायचीही गरज नाही, ताप बघायचा थर्मामीटर घ्या हातात.

थर्मामीटर बरोबर आहे हे पहिल्यांदा कुणी आणि कसं ठरवलं असेल? आज आपण दुसऱ्या चांगल्या थर्मामीटरशी ताडून बघतो. तो कशाशी? तिसऱ्याशी. असं मागे मागे गेलं की एक दिवस असा येतो की जगात एकही खात्रीचा थर्मामीटर नाही आणि तुम्हाला पहिला बनवायचाय. कसा बनवाल? नळीत पारा भरायचा, बर्फात ठेवून एक खूण, उकळत्या पाण्यात ठेवून दुसरी खूण, मधे शंभर सारखे भाग. सेल्सियसने १७४२ मध्ये असंच केलं (गंमत म्हणजे त्याने उकळतं पाणी ० आणि बर्फ १०० धरलं होतं, नंतर ते उलटं केलं गेलं).

सोप्पं वाटतंय ना? आता दोन लोच्ये बघा. पहिला, पाणी नेहमी एकाच तापमानाला उकळतं हे कशावरून? त्यासाठी थर्मामीटर लागेल, जो आपण अजून बनवतोय. आणि खरं तर ते उकळतच नाही एका तापमानाला. हवेचा दाब बदलला की बदलतं हे आपल्याला शाळेत सांगतात, पण भांडं कशाचं आहे आणि पाण्यात हवा किती विरघळलीय याने पण फरक पडतो. द ल्यूक नावाच्या एका माणसाने पाण्यातली हवा काढायची म्हणून बाटली चार आठवडे हलवली. चार आठवडे! जेवताना, वाचताना, मित्रांना भेटताना, फिरायला जाताना, एका हातात बाटली आणि हलवणं चालूच. मग ते पाणी तापवलं तर ते १०० ला उकळेचना, ११२ च्या आसपास गेलं तेव्हा उसळलं. मग 'उकळणं' म्हणजे नक्की काय? बुडबुडे आले म्हणजे? खळखळलं म्हणजे? शेवटी १७७७ मध्ये रॉयल सोसायटीची एक कमिटी बसली, कॅव्हेंडिश तिचा प्रमुख, आणि त्यांनी सांगितलं की पाण्यात बुडवूच नका, वाफेत धरा, वाफ जास्त भरवशाची.

दुसरा लोच्या याहून भारी. एका नळीत पारा घ्या, दुसरीत अल्कोहोल. दोन्हीवर ० आणि १०० च्या खुणा करा आणि मधे सारखे भाग पाडा. आता दोन्ही कोमट पाण्यात ठेवा. पारा ५० दाखवतो तेव्हा अल्कोहोल काही अंश मागे असतं. खरं कोण बोलतंय? पारा तापमानाच्या प्रमाणात सारखा फुगतो असं सिद्ध करायचं तर पाऱ्याचा फुगवटा आणि तापमान यांचा ग्राफ काढावा लागेल. आणि तापमान कशाने मोजणार, पाऱ्यानेच? फसलो की नाही!

इथे 'पुन्हा रीडिंग घ्या' म्हणून काय उपयोग, हजार वेळा घ्या, दोघं आपापलंच सांगणार. यातून वाट काढली रेन्यो नावाच्या माणसाने १८४० च्या दशकात. त्याने खरं तापमान काय हा प्रश्नच बाजूला ठेवला. तो म्हणाला मी फक्त एवढंच बघतो की एकाच प्रकारचे दोन थर्मामीटर एकमेकांशी तरी जमतात का. पाऱ्याचे दोन घेतले, काच वेगवेगळी, तर वरच्या तापमानांना ते आपापसातच भांडायला लागले. हवेचे थर्मामीटर मात्र बऱ्यापैकी एका सुरात. जो स्वतःशीच जमत नाही तो बाद. मग १८४८ मध्ये केल्व्हिनने असं तापमान मांडलं जे कुठल्याच एका पदार्थावर अवलंबून नाही, आणि आता २० मे २०१९ पासून तर केल्व्हिनची व्याख्या पाण्यावरूनही काढून बोल्ट्झमनच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका ठरलेल्या आकड्यावर, बसवलीय.

मला यात जे दिसतं ते असं, की 'आपण नक्की काय मोजतोय आणि ते मोजतोय असं म्हणायचा आपल्याला काय हक्क' हा प्रश्न फिलॉसॉफीचा आहे आणि तो विज्ञानाच्या बाहेर कुठल्या वेगळ्या बिल्डिंगमध्ये राहत नाही, तो लॅबमध्येच टेबलावर नळीत बसलेला असतो. एकदा सुटला की उपकरणात जिरून जातो आणि मग आपण म्हणतो छे, यात कसली आलीय फिलॉसॉफी.

जुनं_काचसामान

वरची चर्चा छान चाललीय, मी फक्त ग्राफबद्दल लिहितो, आयुष्य त्यातच गेलंय.

ताई, अ‍ॅब्झॉर्बन्स २ म्हणजे शंभरातला फक्त १ भाग प्रकाश आरपार आला. ३ म्हणजे हजारातला १. इतक्या अंधारात मशीनच्या आतला थोडासा भटका प्रकाश जरी डिटेक्टरवर पडला तरी मशीनला वाटतं बराच प्रकाश आला, आणि ते आकडा कमी दाखवतं. म्हणजे वरच्या टोकाला रेष खाली वाकते. २.४ च्या जागी २.१ हे मला तरी ओळखीचं वाटतंय. पण सोल्यूशन बनवतानाच पातळ झालं असेल हेही शक्य आहे, पिपेट सगळ्यांचीच चुकते.

दोन गोष्टी करा. एक, सहाव्या बिंदूकडे नीट बघा, तो अगदी रेषेवर आहे की जरासा खाली. दोन, तेच सातवं सोल्यूशन, नवीन बनवू नका, तेच, बरोबर अर्धं पातळ करून रीडिंग घ्या. १.२ च्या जवळ आलं तर सोल्यूशन बरोबर होतं, रेषच वर पोचत नाही. १.०५ च्या जवळ आलं तर सोल्यूशनच पातळ होतं.

शंकासूर

काचसामान काका, दंडवत. आता मी यात आपले नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे जुने तर्कपंडित, आणणार आहे. 'आपल्याकडे सगळं आधीच होतं' या छापाचं मी काही लिहीत नाहीये, त्या लोकांनी स्पेक्ट्रोफोटोमीटर बनवला नव्हता, शांत राहा सगळे.

डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. हे अनुमान. ते चालतं कारण जिथे जिथे धूर तिथे तिथे आग ही व्याप्ती आपल्याला माहीत आहे. चार्वाक म्हणायचे, माहीत आहे म्हणजे काय रे, तू काय जगातले सगळे धूर बघून आलास? मागचे, पुढचे, लांबचे? बघितलेस चार आणि बोलतोस सगळ्यांबद्दल. ह्यूम या स्कॉटिश फिलॉसॉफरने १७४८ मध्ये जे लिहून युरोपची झोप उडवली तो मुद्दा याच जातीचा आहे. खोडरबर, 'बाकीचे सहा बसतात की' या तुमच्या उत्तराला चार्वाकाने पण 'म्हणजे बहुमताने?' असंच विचारलं असतं.

पण मला खरी मजा उलट्या वाक्यात येते. जिथे जिथे आग तिथे तिथे धूर. हे खरं आहे का? बहुतेक वेळा वाटतं खरं. पण तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा घ्या, आग आहे, धूर नाही. मग आतापर्यंत आगीसोबत धूर का दिसत होता? कारण लाकूड ओलसर होतं. त्या ओल्या सरपणाला न्यायात उपाधी म्हणतात. म्हणजे तुम्हाला वाटत होतं क आणि ख यांचं नातं आहे, पण मधे एक तिसरा गुपचूप उभा होता आणि तो होता तोपर्यंतच नातं टिकत होतं. आज स्टॅटिस्टिक्समध्ये कन्फाउंडर म्हणून जो शिकवतात त्याचा हा भाऊबंदच, अगदी तोच नाही पण घरातला. १४ व्या शतकात गंगेश उपाध्यायांनी व्याप्ती आणि उपाधीवर जो कीस पाडलाय तो वाचताना डोकं दुखतं पण वाचण्यासारखा आहे.

आता तुमची केस बघा. कॉन्सन्ट्रेशन वाढलं की अ‍ॅब्झॉर्बन्स त्याच प्रमाणात वाढतो, ही तुमची व्याप्ती. उपाधी काय? डिटेक्टरला पुरेसा प्रकाश पोचतोय. पहिल्या सहा वेळी ती अट पाळली गेली म्हणून ती तुम्हाला दिसलीच नाही. सातवं सोल्यूशन हा तुमचा लोखंडी गोळा.

आणि सतत संशय घेत बसलो तर काम कधी करायचं, यावरही उदयनाचार्यांनी लिहिलंय, संशयाची हद्द व्याघातापर्यंत. म्हणजे जो म्हणतो की धूर आगीमुळेच होतो कशावरून, तोच बाबा धूर हवा असला की आग पेटवायला बसतो, मग तिथे त्याचा संशय त्याच्याच वागण्याने खोटा पडला. मला हे उत्तर पूर्ण पटत नाही (वागावं लागतं म्हणून ते खरंच असेल असं थोडीच आहे?) पण लॅबमध्ये यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे पण नाही.

निर्गुण

सर्व प्रतिसाद वाचले. आपण सगळे बाहेरच शोधत आहात. क्वांटम फिजिक्सने आता मान्य केलंच आहे की बघणारा नसेल तर जग नाही. हेच आपले ऋषी सांगून गेले. विज्ञान जिथे थांबतं तिथून अध्यात्म सुरू होतं.

मधली_सुट्टी

आला! वाटच बघत होतो, कुठल्याही धाग्यात चाळीसाव्या प्रतिसादापर्यंत क्वांटम येतोच, इथे लवकर आला.

@निर्गुण, राग नका मानू, पण क्वांटममध्ये बघणारा म्हणजे डोळे असलेला, मन असलेला कुणी असायला लागत नाही. अंधाऱ्या खोलीत कुणी नसताना डिटेक्टर चालू ठेवा, तो नोंद करतो, तेवढं मोजमाप पुरतं. मोजमाप म्हणजे नेमकं काय यावर अजूनही भांडणं आहेत हे मान्य, पण भांडण चालू आहे म्हणून आपल्याला हवं ते उत्तर त्यात कोंबायचं हे काही बरं नाही.

उलट क्वांटममध्येच या धाग्याला हवं असलेलं उदाहरण आहे. १९३५ मध्ये आइनस्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांनी विचारलं की क्वांटमचं हे वर्णन पूर्ण आहे का, की कणांकडे आधीपासूनच काही ठरलेलं असतं जे आपल्याला दिसत नाही. पुढची तीसेक वर्षं बऱ्याच फिजिसिस्टांचं म्हणणं हेच, की ही फिलॉसॉफी आहे, आकडे बरोबर येतायत ना मग गणितं करा. जॉन बेल सर्नमध्ये होता, नोकरी कण आणि प्रवेगकांची, हा विषय त्याने स्वतःच्या हौसेने धरला, आणि १९६४ मध्ये दाखवलं की दोन मतांमध्ये मोजता येईल असा फरक पडतो. एक असमानता आहे, म्हणजे आकड्याला घातलेली हद्द, आधीपासून ठरलेलं असेल आणि एकमेकांना लांबून प्रकाशापेक्षा वेगाने खबर जात नसेल, तर आकडा तिच्या पलीकडे जाणार नाही. १९७२ ला क्लॉसर आणि फ्रीडमन, १९८२ ला अ‍ॅस्पे, सगळ्यांनी मोजलं, आकडा पलीकडे गेला. २०२२ चं फिजिक्सचं नोबेल क्लॉसर, अ‍ॅस्पे आणि त्सायलिंगर या तिघांना मिळालं.

रोखठोक, तुम्ही म्हणाला होतात ना दाखवा म्हणून. खुर्चीत बसून कण नाही सापडला, पण काय मोजायचं ते सापडलं.

रोखठोक

बेल फिजिसिस्ट होता. द्यूएम फिजिसिस्ट. रेन्यो, केल्व्हिन, आइनस्टाइन सगळे आमचेच. तुम्ही सगळे मिळून माझाच मुद्दा सिद्ध करताय, वैज्ञानिक विचार करतात तेव्हा त्याला तुम्ही फिलॉसॉफी नाव देऊन श्रेय पळवताय.

आणि फिलॉसॉफीने जे नुकसान केलंय ते पण लिहा की जरा. कांट हा जर्मन फिलॉसॉफर १७८१ मध्ये सांगून गेला की अवकाश म्हणजे मनाची चौकटच, अनुभवाच्याही आधीची, आणि त्या चौकटीची भूमिती म्हणजे युक्लिडचीच, तिला अनुभव खोटं पाडूच शकत नाही. मग युक्लिडहून वेगळी भूमिती घेऊन लोबाचेव्हस्की आला, रीमान आला आणि शेवटी आइनस्टाइनने तर वस्तुमानाजवळ अवकाश वाकवूनच दाखवलं. गेली चौकट. दुसरा नमुना माख, फिजिसिस्ट आणि फिलॉसॉफर दोन्ही. जे अनुभवाला येत नाही ते मानायचं नाही या तत्त्वापायी त्याने अणू मानायला नकार दिला. लोक तिकडे अणू मोजायला लागले, पाण्यातल्या बारीक कणांच्या थरथरीवरचा आइनस्टाइनचा १९०५ चा पेपर, त्यावरचे पेरांचे प्रयोग, ऑस्टवाल्डसारखा पक्का विरोधक १९०९ मध्ये म्हणाला बरं बाबा आहेत अणू, पण माखला काही ते मनापासून पटलं नाही. तत्त्व इतकं घट्ट धरलं की समोरचं दिसेना. हे पण तुमच्या फिलॉसॉफीचंच फळ.

पारा_चढला

कांटबद्दल शंभर टक्के मान्य. आणि यात लपवण्यासारखं काय आहे, विज्ञानाने फिलॉसॉफीला चुकीचं ठरवणं हा पण दोघांच्या नात्याचाच भाग आहे की. अवकाश कसं आहे हे नुसतं विचार करून कळेल असं समजणारे चुकले, आणि ते चुकले हे दुर्बिणीने दाखवलं. फिलॉसॉफीवाल्यांनी फिजिक्स न शिकता अवकाशावर बोलू नये, मी पण हेच म्हणेन.

माखचं मात्र तुम्ही अर्धंच सांगितलंत. अणूंच्या बाबतीत ज्या तत्त्वाने तो आडवा पडला, त्याच तत्त्वाने त्याने न्यूटनच्या निरपेक्ष अवकाशावर शंका घेतली होती, की जे कशानेच मोजता येत नाही ते हिशेबात ठेवायचं कशाला. आइनस्टाइन तरुणपणी बर्नमध्ये मित्रांसोबत ह्यूम आणि माख वाचत बसायचा आणि दोघांचा उपयोग झाला असं त्याने स्वतः नंतर मान्य केलंय. दोन ठिकाणच्या दोन घटना एकाच वेळी घडल्या असं म्हणतो तेव्हा आपण नक्की काय मोजून म्हणतो, हा त्याच्या १९०५ च्याच दुसऱ्या, रिलेटिव्हिटीच्या पेपरच्या सुरुवातीचा प्रश्न आहे, थर्मामीटरवाल्याचाच, फक्त घड्याळाबद्दल. म्हणजे एकच औषध एकाला लागू पडलं आणि एकाला बाधलं. आइनस्टाइनने त्यातून काम झाल्यावर ते सोडून दिलं, माख धरून बसला.

श्रेयाचं म्हणाल तर न्यूटनने १६८७ ला आपल्या पुस्तकाच्या नावात नैसर्गिक तत्त्वज्ञान असंच लिहिलं होतं आणि सायंटिस्ट हा शब्द इंग्रजीत १८३० च्या दशकात व्ह्यूएलने काढला, त्याआधी तुमचे-आमचे असं वाटपच झालेलं नव्हतं. मराठीत तर आपण आजही भौतिकशास्त्र, तर्कशास्त्र, नीतिशास्त्र सगळ्यांना शास्त्रच म्हणतो. कुंपण कुठून घालायचं ते घाला, पण गुरं दोन्हीकडे चरतायत.

शंकासूर

गुरं =))

रोखठोकांचा एक मुद्दा मात्र मी सोडवत नाही, तसाच ठेवतो. फिलॉसॉफी शिकल्याने माणूस चांगला वैज्ञानिक होतो असं मला तरी कुठे दिसलेलं नाही. बरेचसे उत्तम वैज्ञानिक हे प्रश्न कधीच उघड विचारत नाहीत, त्यांच्या हाताला ते कळत असतं. काचसामान काकांनी 'नवीन बनवू नका, तेच पातळ करा' असं जे सांगितलं ना, त्यात व्याप्ती, उपाधी, द्यूएम सगळं आलं आणि त्यांनी एकाचंही नाव घेतलं नाही.

जुनं_काचसामान

नाव माहीत असतं तर घेतलं असतं हो. आमच्या सरांनी असंच करायला शिकवलं होतं, त्यांना त्यांच्या सरांनी. ताई, रीडिंग घेतलं का?

खोडरबर

घेतलं! सॉरी उशीर झाला, मशीन दोन दिवस दुसऱ्या ग्रुपकडे होतं.

सातवं सोल्यूशन सुदैवाने ठेवलेलं होतं. अर्धं पातळ केलं, तीन वेळा वेगवेगळं, म्हणजे एकदाच पिपेट चुकली असं कुणी म्हणायला नको. १.१८, १.१८, १.१७. रेषेप्रमाणे १.२ यायला हवं होतं. म्हणजे सोल्यूशन बरोबरच होतं हो! मी बरोबर असलेला बिंदू खोडून चुकीच्या रेषेला शंभर पैकी शंभर दिले होते. आणि सहावा बिंदू, काका, तो पण खाली आहे. थोडासाच, पण आहे. मी पहिल्यांदा ग्राफ काढला तेव्हा पण तो तसाच होता, मला दिसला नाही, किंवा दिसला असेल पण रेष आधीच डोळ्यात होती.

मग मलाच शंका आली (शंकासूर, तुमचा दोष) की १.१८ 'बरोबर' आहे हे मी ज्या रेषेवरून ठरवलं ती तीच रेष ना, जिच्यावर संशय होता? तर मॅडमना जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या खालच्या भागातली रेष तू वरच्या बिंदूंच्या मदतीशिवाय काढ, पहिले चार बिंदू घे फक्त, आणि मग बघ. काढली. जवळपास तीच आली, १.१८ तिच्यावर बसतो आणि सातवा आणखीनच खाली दिसतो. त्या हसल्या फक्त, आणि भटक्या प्रकाशाचं ऐकून म्हणाल्या की आता तो आहे हे पण दाखव, नुसतं नाव देऊन सोडू नकोस, नाहीतर तो तुझा व्हल्कन होईल. मी इथलं काहीच सांगितलं नव्हतं त्यांना, शपथ!

वहीत 'आउटलायर' वर काट मारलीय, बिंदू परत मांडलाय आणि खाली लिहिलंय, या मशीनवर १.८ च्या वर सरळ रेष वापरू नये. लॅबमेट म्हणतो बघ, सुटलं की नाही लॅबमध्येच, फिलॉसॉफी लागली का कुठे. मी म्हटलं तू धागा वाच आधी.

रोखठोक

अभिनंदन! मी पण हेच म्हणत होतो, लॅबमध्येच सुटणार. तुमचा लॅबमेट मला आवडला.

फक्त एक, १.८ च कशावरून?